फुगाझीवर लिहायचे आहे? नव्या चाहत्यांसाठी पहिल्या टिपणाची वाट

फुगाझी हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डी.सी. शहरातला चार जणांचा बँड. १९८७ ते २००२ या काळात त्यांनी हजाराहून अधिक कार्यक्रम केले, सहा स्टुडिओ अल्बम काढले आणि निरोपाचा कोणताही दौरा न करता वाजवणे थांबवले. त्यांच्यावर लिहिणारे चाहते मात्र थांबलेले नाहीत. ज्यांनी या बँडची चार-सहा गाणी ऐकली आहेत, ज्यांच्या डोक्यातून ती जाता जात नाहीत आणि ज्यांना त्यांविषयी मराठीत काही लिहावेसे वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

येथे सांगितलेली सगळी पद्धत एका आग्रहावर उभी आहे. बँडवरचे प्रेम विशेषणांतून दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. एखाद्या गाण्यातली किंवा एखाद्या कार्यक्रमातली एक नेमकी जागा लक्ष देऊन ऐकली आणि ती वाचणाऱ्यालाही ऐकू येईल अशी लिहिली, तर पोहोचते. फुगाझीच्या बाबतीत हे काम विशेष आनंदाचे आहे, कारण त्यांनी आपल्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे श्रोत्यांसाठी खुली केली आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना हा बँड प्रत्यक्ष पाहायला मिळालेला नाही आणि कदाचित मिळणारही नाही. तरीही त्यांच्या एखाद्या विशिष्ट रात्रीविषयी अचूक लिहिणे आपल्याला शक्य आहे.

पहिली पायरी: माणसे आणि काळ समजून घ्या

लिहिण्यापूर्वी पुढील गोष्टी पक्क्या माहीत असाव्यात. गिटार वाजवणारा आणि गाणारा इअन मकाय हा आधी मायनर थ्रेट या हार्डकोर (पंक रॉकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) बँडचा गायक होता. १९८० साली त्याने मित्रांसोबत डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी सुरू केली आणि फुगाझीचे अल्बम याच कंपनीने काढले. बेस गिटारवर जो लॅली आणि ड्रम्सवर ब्रेंडन कँटी. चौथा गी पिचोटो. तो आणि कँटी राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमध्ये एकत्र होते. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये फुगाझीचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा बँडमध्ये तिघेच होते. पिचोटो त्यानंतर थोड्याच काळात आला, आणि तोही सुरुवातीला केवळ गाण्यासाठी. १९८८ च्या पहिल्या ईपीत (अल्बमपेक्षा लहान, मोजक्या गाण्यांच्या प्रकाशनात) तो गिटार वाजवत नाही. हा तपशील बारीक वाटेल, पण त्या ईपीतल्या गाण्याविषयी 'दोन गिटारांची जुगलबंदी' असे लिहिणारे चाहते आढळतात, आणि बँड मनापासून ऐकणाऱ्या वाचकाचा विश्वास तेथेच उडतो.

अल्बमांची मोजणीही अशीच चुकते. 'थर्टीन साँग्ज' (१९८९) हे सगळ्यांत जास्त ऐकले गेलेले प्रकाशन असले, तरी तो पहिल्या दोन ईपींचा एकत्रित संग्रह आहे. स्टुडिओ अल्बम त्यानंतरचे: 'रिपीटर' (१९९०), 'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' (१९९१), 'इन ऑन द किल टेकर' (१९९३), 'रेड मेडिसिन' (१९९५), 'एंड हिट्स' (१९९८) आणि 'द आर्ग्युमेंट' (२००१). शेवटचा कार्यक्रम ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरम सभागृहात झाला. त्यानंतर बँडने अनिश्चित काळासाठी थांबत असल्याचे सांगितले आणि फुटल्याचे कधी जाहीर केले नाही, म्हणून 'बँड फुटला' असे न लिहिता 'वाजवणे थांबवले' असे लिहावे.

दुसरी पायरी: ऐकण्याचा क्रम ठरवा

पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकावे असा सल्ला सहसा दिला जातो. माझे मत वेगळे आहे. 'थर्टीन साँग्ज'पासून सुरुवात जरूर करावी, कारण त्यातला बेसचा ठसठशीत ठेका आणि मकायची आरोळी पहिल्याच ऐकण्यात पकडतात. पण त्यानंतर थेट 'रेड मेडिसिन' लावावा. त्याचे पहिले गाणे विस्कटलेल्या, गढूळ आवाजातल्या गोंगाटाने सुरू होते आणि मग एकाएकी स्वच्छ होते. याच अल्बमवर जो लॅली पहिल्यांदा एका गाण्याचा मुख्य गायक झाला. या दोन टोकांमधले अंतर कानाला जाणवले, की मधले तीन अल्बम कशाच्या शोधात होते हे आपोआप ऐकू येऊ लागते.

त्यानंतर 'रिपीटर' ऐकावा, आणि तो हेडफोन लावून. यात पिचोटोही गिटारवर आहे. दोन्ही गिटार एकच सूर जाड करण्यासाठी वाजत नाहीत. बहुतेक वेळा एक गिटार ठेका धरून असते आणि दुसरी ओरखडे काढते, किंचाळते, मध्येच गप्प होते. कोण काय वाजवतो आहे हे ओळखण्याचा सराव याच अल्बमवर करावा. 'द आर्ग्युमेंट' शेवटी ठेवावा. त्यात चेलो आहे, दुसरा ड्रमवादक आहे, आणि शहरातल्या जुन्या रहिवाशांना घराबाहेर काढण्याविषयीचे एक गाणे आहे, जे मुंबई-पुण्यातल्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही.

या टप्प्यावर काही लिहू नये. फक्त एक वही जवळ ठेवावी आणि जे गाणे पुन्हा लावावेसे वाटेल त्याचे नाव व ज्या क्षणाला ते वाटले त्याची मिनिटे-सेकंदे टिपावीत. महिनाभरात या नोंदींतून तुमचा विषय तुम्हाला सापडेल. तो बहुधा संपूर्ण बँड नसेल, संपूर्ण अल्बमही नसेल. एका गाण्याचा उत्तरार्ध किंवा ड्रम्सचा एक विशिष्ट प्रवेश असेल, आणि पहिल्या टिपणासाठी तेवढे पुरेसे आहे.

तिसरी पायरी: एक कार्यक्रम निवडा आणि त्यात मुक्काम करा

माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक सांगतो.

फुगाझीचे ध्वनिसंयोजक जवळजवळ सगळे कार्यक्रम मुद्रित करत असत. आधी कॅसेटवर, पुढे डिजिटल टेपवर आणि सीडीवर. या साठ्यातून २०११ च्या डिसेंबरपासून 'फुगाझी लाइव्ह सीरिज' हा खुला संग्रह उभा राहिला. प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीत तारीख, सभागृह, तिकिटाचा दर, उपस्थितीचा अंदाज, मूळ मुद्रण कशावर झाले आणि आवाजाचा दर्जा कसा आहे, हे दिलेले असते. अनेक नोंदींसोबत हस्तपत्रके आणि छायाचित्रेही आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी चाहत्यांनी जपून ठेवलेली व पुढे दिलेली आहेत. एका कार्यक्रमासाठी सुचवलेली किंमत पाच डॉलर होती, म्हणजे बँडच्या तिकिटाचा नेहमीचा दर. पण ऐपतीप्रमाणे एक डॉलरही देता येई.

हा संग्रह चाहत्याला इतका मोलाचा का, याचे कारण बँडच्या वाजवण्यात आहे. फुगाझी गाण्यांची यादी ठरवून मंचावर येत नसत. पुढचे गाणे कोणते, हे तिथल्या तिथे एखाद्या सुरावटीने, ड्रमच्या ठोक्याने किंवा नजरेने ठरायचे. त्यामुळे कोणतेही दोन कार्यक्रम सारखे नाहीत. एका रात्री जे गाणे तीन मिनिटांत आटोपते, तेच दुसऱ्या रात्री लांबत जाऊन भलत्याच गाण्याच्या दारात येऊन उभे राहते. स्टुडिओतले मुद्रण हे त्या गाण्याचे एक रूप असते. बाकीची रूपे या संग्रहात विखुरलेली आहेत, आणि ती शोधून, शेजारी-शेजारी ठेवून त्यांविषयी लिहिणे हे चाहत्याचे काम आहे.

निवड करताना पहिल्या किंवा शेवटच्या कार्यक्रमाचा मोह टाळावा. त्या दोन रात्रींवर बरेच लिहून झाले आहे आणि त्यांच्याभोवतीचे वलय तुमच्या कानाआड येईल. १९९१ ते १९९९ मधला, आवाजाचा दर्जा चांगला असल्याची नोंद असलेला आणि तुमच्या आवडीची किमान दोन गाणी असलेला कोणताही कार्यक्रम घ्यावा. शहराशी तुमचे काही नाते असेल तर उत्तमच. परदेशात राहणारा मराठी वाचक आपल्याच गावातल्या कार्यक्रमापासून सुरुवात करू शकतो आणि ते सभागृह आजही उभे आहे का, हे जाऊन पाहू शकतो.

मग तो कार्यक्रम तीन वेळा ऐकावा. पहिल्या वेळी काहीही न टिपता, सलग. दुसऱ्या वेळी गाण्यांचा क्रम लिहून काढावा आणि दोन गाण्यांच्या मधे काय घडते ते वेळेसह नोंदवावे. ही मधली जागा फार बोलकी असते. समोरचे काही जण एकमेकांना ढकलू लागले, वरून अंगावर उड्या पडू लागल्या, की मकाय गाणे थांबवून त्यांच्याशी बोलत असे, बरेचदा 'सर' असे संबोधून, पण ठामपणे. ऐकले नाही तर पाच डॉलर परत देऊन त्यांना बाहेर जायला सांगितले जाई. हे संवाद मुद्रणांत जसेच्या तसे सापडतात. तिसऱ्या वेळी एकच वादक निवडून सबंध कार्यक्रमभर त्याच्याच मागे जावे. कँटी निवडलात तर त्याच्या ड्रमसंचासोबत असलेली मोठी घंटा कोणत्या गाण्यात, कोणत्या वळणावर वाजते ते टिपावे. लॅली निवडलात तर बाकी तिघे सैरभैर झाले असताना तो काय धरून ठेवतो ते ऐकावे. मी नव्या माणसाला लॅली सुचवेन, कारण फुगाझीची गाणी पुष्कळदा बेसच्या खांद्यावर उभी असतात आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते.

मुद्रणाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. कॅसेट पालटताना एखादा तुकडा गळलेला असू शकतो, आणि गायकाचा आवाज गिटारपेक्षा मोठा ऐकू येतो तो बरेचदा मुद्रणयंत्र ध्वनिसंयोजकाच्या मेजाला जोडलेले असल्यामुळे. 'त्या रात्री गिटार दबलेली होती' असे लिहिण्यापूर्वी 'या मुद्रणात गिटार दबलेली ऐकू येते' असे लिहावे. जे आपण ऐकले तेवढेच आपले.

चौथी पायरी: आवाज शब्दांत उतरवा

आता टिपण लिहायला बसावे. येथे सर्वांत उपयोगी नियम असा, की परिणाम सांगण्याआधी घटना सांगावी. 'वेटिंग रूम' या त्यांच्या सर्वांत परिचित गाण्याचे उदाहरण घेऊ. नवा लेखक सहसा असे लिहितो: 'या गाण्याची बेसलाइन थरारक आहे आणि मकायचा आवाज थेट काळजाला भिडतो.' या वाक्यात गाणे कुठेच नाही. दुसऱ्या कोणत्याही बँडचे नाव घातले तरी ते चालेल.

तेच असे लिहिता येईल: 'गाणे जो लॅलीच्या एकट्या बेसने सुरू होते, काहीसा रेगेच्या अंगाने डुलणारा ठेका. त्यावर गिटार आणि ड्रम्स येतात, आता गाणे सुरू होणार म्हणून आपण सरसावतो, आणि अर्धे मिनिटही झालेले नसताना सगळे वादक एकदम थांबतात. काही ठोके पूर्ण शांतता. मग सगळे एकाच क्षणी परत येतात. वाट पाहत बसून राहायचे नाही असे ठरवणाऱ्या माणसाचे हे गाणे शब्द सुरू होण्यापूर्वीच ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावते.' येथे एकही स्तुतिपर विशेषण नाही, तरी लिहिणाऱ्याला हे गाणे किती आवडते हे लपत नाही. शेवटच्या वाक्यात अर्थ लावला आहे, पण तो आधीच्या चार वाक्यांनी कमावलेला आहे, आणि वाचकाला पटला नाही तर गाणे लावून तो तपासून पाहू शकतो.

शब्द कोणते वापरावेत, असा प्रश्न पडेल. ठेका, लय, ठोका, सूर, आवर्तन, तारसप्तक हे शब्द आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत आणि ते निःसंकोच वापरावेत. रिफ, फीडबॅक, डिस्टॉर्शन, कोरस यांना मात्र ओढूनताणून प्रतिशब्द घडवू नयेत. रॉक ऐकणारा मराठी माणूस हेच शब्द बोलतो. राग-तालाच्या परिभाषेतून एखादी तुलना सुचली तर ती क्वचितच करावी, कारण ती वाचकाला फुगाझीपासून दूर, ओळखीच्या मुलखात घेऊन जाते आणि तो तिथेच रमतो.

गाण्याच्या आशयावर लिहिताना प्रश्न मोकळा ठेवण्याची तयारी हवी. 'सजेशन' या गाण्यात रस्त्यावर छेडछाड सोसणाऱ्या स्त्रीचे मनोगत प्रथमपुरुषी आहे, आणि ते गातो मकाय. पुरुषाने हे असे गावे का, ही चर्चा त्या गाण्याभोवती होत राहिली आहे. काही कार्यक्रमांत ते गाण्यासाठी एखादी स्त्री मंचावर आली आहे. चाहता म्हणून बँडची वकिली करण्याची घाई येथे करू नये. गाण्यात नेमके काय म्हटले आहे, ते कोणत्या सुरात म्हटले आहे, आणि गर्दीने भरलेल्या सभागृहात ते उच्चारल्याने काय बदलत असेल, हे मांडले तर वाचक पुढचा विचार स्वतः करतो.

पाचवी पायरी: तत्त्वे सांगा, दंतकथा गाळा

फुगाझीवरचे बहुतेक लेखन संगीताऐवजी त्यांच्या वागण्यावर असते, आणि त्याला कारणही आहे. तिकीट शक्यतो पाच डॉलर, कार्यक्रमाला कोणत्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश, टी-शर्टांसारख्या वस्तूंची विक्री नाही, मोठ्या कंपन्यांचे प्रस्ताव नाकारलेले, आणि स्वतःच्या शहरातले कार्यक्रम एखाद्या सामाजिक कामाच्या मदतीसाठी, निषेधासाठी किंवा विनामूल्य. १९८५ साली सुरू झालेल्या 'पॉझिटिव्ह फोर्स' या कार्यकर्त्यांच्या गटाने त्यांतले अनेक कार्यक्रम घडवून आणले. आखाती युद्ध तोंडावर आले असताना, १२ जानेवारी १९९१ रोजी, बँडने व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट बागेत थंडीत युद्धविरोधी कार्यक्रम केला.

हे सगळे लिहावे, पण त्यामागचे कारण दिल्याशिवाय लिहू नये. सर्व वयांच्या श्रोत्यांना प्रवेश हा हट्ट कुठून आला? अमेरिकेत रॉकचे कार्यक्रम प्रामुख्याने मद्य विकणाऱ्या जागांमध्ये होत आणि अल्पवयीन मुलांना तेथे मज्जाव असे. मकायचा शाळकरी वयातला बँड टीन आयडल्स १९८० साली कॅलिफोर्नियात गेला, तेव्हा मद्य विकले जाऊ नये म्हणून त्या मुलांच्या हातांवर काळ्या फुल्या काढण्यात आल्या होत्या. ज्या मुलाला संगीत ऐकायला आत घेतले जात नव्हते, त्याने मोठेपणी दार सगळ्यांसाठी उघडे ठेवले. एवढे सांगितले, की पाच डॉलरचा आकडा कोरडा राहत नाही.

दंतकथा मात्र दूर ठेवाव्यात. चौघेही एका घरात बिनपंख्याचे, बिनशेगडीचे, केवळ भातावर राहतात, अशा कथा बँडविषयी फिरत असत. त्या ऐकायला छान आहेत आणि त्यांनी बँडचा काहीही अर्थ लागत नाही. 'स्ट्रेट एज' ही मद्य व अमली पदार्थांपासून दूर राहण्याची भूमिका मकायच्या मायनर थ्रेटमधल्या १९८१ च्या गाण्यातून पसरली हे खरे, पण म्हणून फुगाझीला 'स्ट्रेट एज बँड' म्हणणे बरोबर नाही. तसेच फिलाडेल्फियात १९८८ साली पिचोटो बास्केटबॉलच्या कडीतून उलटा लटकून गातो, ते दृश्य. जेम कोहेनच्या 'इन्स्ट्रुमेंट' (१९९९) या माहितीपटात ते आहे आणि ते विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु पन्नासावा लेख त्याच दृश्याने सुरू झाला तर वाचणाऱ्याला नवे काय मिळाले? तुमच्या वहीत त्याच्याहून लहान आणि तुमचा स्वतःचा असा एखादा क्षण नोंदवलेला असेलच.

सहावी पायरी: पडताळा

तारखा तपासताना एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. अमेरिकी हस्तपत्रकांवर महिना आधी आणि दिवस नंतर छापलेला असतो. ९/३/८७ ही ९ मार्च नव्हे, ३ सप्टेंबर आहे. युरोपातल्या दौऱ्याच्या पत्रकांवर मात्र क्रम आपल्यासारखाच असतो. म्हणून टिपणात महिना नेहमी अक्षरांत लिहावा.

नावे देवनागरीत लिहिताना उच्चार ऐकून लिहावीत आणि सबंध लेखात एकच रूप ठेवावे. पिचोटोच्या पहिल्या नावाचा उच्चार 'गाय' नसून 'गी' आहे. कोणते गाणे कोण गातो हेही आठवणीवर न सोडता पुन्हा ऐकून खात्री करावी. 'इन ऑन द किल टेकर'ची कथा सांगायची असेल तर १९९२ सालचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीसोबतचे शिकागोतले मुद्रण आणि नंतर इनर इअर स्टुडिओत निर्माता टेड नाइसलीसोबत नव्याने केलेले मुद्रण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्बम म्हणून १९९३ मध्ये बाहेर आले ते दुसरे.

गीतांचे शब्द सबंधच्या सबंध छापू नयेत, त्यांचा पूर्ण अनुवादही छापू नये. समीक्षेसाठी लागेल तेवढी एखादी ओळ घेण्यास आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात जागा आहे, आणि चांगल्या टिपणाला त्याहून अधिक लागतही नाही. छायाचित्रांच्या बाबतीत छायाचित्रकाराची परवानगी विचारावी. ती मिळेपर्यंत छायाचित्राविना छापावे.

सातवी पायरी: छापा, वाटा, एकत्र ऐका

पहिले टिपण सहाशे ते आठशे शब्दांचे पुरे. ते लिहून झाल्यावर दोन माणसांना वाचायला द्यावे: एक फुगाझी कोळून प्यालेला, दुसरा नावही न ऐकलेला. पहिला तथ्ये तपासेल. दुसऱ्याला फक्त एवढेच विचारावे, की वाचून कोणते गाणे लावावेसे वाटले. त्याला उत्तर देता आले नाही तर टिपणातला सर्वांत सामान्य विधानांचा परिच्छेद शोधून तो काढून टाकावा आणि त्या जागी वहीतली एखादी नोंद घालावी.

चार-पाच जणांची टिपणे जमली की त्यांचे फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच छापून वाटलेले छोटे नियतकालिक, करावे. रॉकविषयीचे चाहत्यांचे लेखन असेच वाढले आहे: १९६६ साली एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने अमेरिकेत 'क्रॉडॅडी' काढले, १९७६ साली लंडनमध्ये बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' काढले. साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद ज्यांनी हाताळला आहे, त्यांना हा ऐवज परका वाटणार नाही.

एफोर आकाराचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की सोळा पानांची पुस्तिका होते. पानांचा क्रम लावताना नवखे लोक गोंधळतात, म्हणून हे लक्षात ठेवावे, की कागदाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी सतरा येते. सगळ्यांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५; त्याच्या आतल्या कागदावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. सम पान डावीकडे, विषम उजवीकडे. कडेला बोटभर समास सोडावा, कारण झेरॉक्सच्या यंत्राला कागदाच्या अगदी टोकापर्यंत छापता येत नाही. घडीवर लांब हाताचा स्टेपलर नसेल तर सुई-दोऱ्याचे तीन टाके पुरतात. किंमत छपाईच्या खर्चाइतकीच ठेवावी. या बँडवरच्या फॅनझिनमधून नफा काढणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

प्रकाशनाच्या निमित्ताने एकत्र ऐकण्याची बैठक ठेवावी. ३ सप्टेंबर ही बँडच्या पहिल्या कार्यक्रमाची तारीख त्यासाठी चांगली आहे. कुणाच्या घरची गच्ची, वाचनालयाचा हॉल किंवा शाळेचा वर्ग चालेल; जागा अशी असावी, की सोळा वर्षांच्या मुलामुलींना पालक निर्धास्तपणे पाठवतील. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकवू नये, त्यात बेस ऐकूच येत नाही. दोन साधे पण मोठे स्पीकर भाड्याने आणावेत. एकच कार्यक्रम निवडून तो सलग वाजवावा, मधले बोलणे न कापता. त्यानंतर प्रत्येक लेखकाने आपले टिपण वाचावे आणि ज्या जागेविषयी लिहिले आहे ती जागा लगेच ऐकवावी. प्रवेशशुल्क सर्वांना परवडेल इतके असावे, आणि जमलेली रक्कम गावातल्या एखाद्या कामाला, म्हणजे वाचनालयाला, महिलांच्या आधारकेंद्राला किंवा रक्तपेढीला द्यावी. रक्कम किती जमली आणि कुणाला दिली, हे पुढच्या अंकात छापावे.

प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर तारीख, गाव, प्रतींची संख्या आणि लिहिणाऱ्यांची नावे न विसरता घालावीत. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये आपल्या शहराच्या पंक संगीताचा स्वतंत्र संग्रह सुरू केला, आणि त्यात फॅनझिन, हस्तपत्रके, कॅसेटी अशा चाहत्यांनी सांभाळलेल्या गोष्टी आहेत. अशा संग्रहांत तारीख नसलेल्या कागदाची जागा ठरवणे किती अवघड जाते, हे कोणताही ग्रंथपाल सांगेल. दोन प्रती कोऱ्या पाकिटात, स्टेपलरची पिन काढून व दोऱ्याने शिवून, ओल नसलेल्या कपाटात ठेवाव्यात, कारण आपल्या पावसाळ्यात पिन गंजते आणि तिचा डाग पानात उतरतो.